आलेखाखालची ओळ

वर्गात आलेख तपासताना मी आधी विचारतो, "आकडे कोठून घेतलेस?" "पुस्तकातून, सर." "कोणत्या?" यावर बहुधा उत्तर येत नाही.

'विकिमीडिया कॉमन्स' हे चित्रांचे सार्वजनिक भांडार २००४ साली इंटरनेटवर सुरू झाले. तेथील चित्रे, परवान्यातील अटी पाळून, कोणालाही विनामूल्य वापरता येतात. तुम्ही काढलेला आलेखही तेथे ठेवता येतो. मात्र तो कसा काढावा आणि त्याखाली काय लिहावे, हे एका उदाहरणाने पाहू.

हवाई बेटावरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड मोजण्यास सुरुवात केली. हवेच्या दर दशलक्ष भागांत या वायूचे प्रमाण १९५९ साली सरासरी ३१६ भाग होते, तर २०२३ साली ४२१. या दोन आकड्यांचे स्तंभ काढा. उभा अक्ष शून्यापासून घेतला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या सुमारे १.३३ पट उंच येईल. आता अक्ष ३१० पासून सुरू करा. उंची ६ आणि १११, म्हणजे साडेअठरा पट! आकडे खरे, पण चित्र फसवे. म्हणून स्तंभालेख शून्यापासूनच काढावा. रेषालेखाला ही सक्ती नाही. पण अक्षावरील आकडे ठळक हवेत.

आणखी एक गंमत पाहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये मौना लोआ ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि लाव्हारसामुळे वेधशाळेचा वीजपुरवठा तुटला. त्यामुळे काही महिने 'नोआ' या अमेरिकी शासकीय संस्थेने शेजारच्या मौना केआ पर्वतावर मापन केले. मूळ आकड्यांसोबत तशी टीप आहे. तुम्ही मूळच सांगितले नाही, तर वाचक त्या टिपेपर्यंत पोचणार कसा?

दुसऱ्याच्या छापील आलेखाचे छायाचित्र मात्र ठेवू नका. त्या चित्रावर सहसा कर्त्याचा हक्क असतो. मूळ आकडे घ्या आणि आलेख स्वतः काढा, शक्यतो 'एसव्हीजी' प्रकारात. या फाइलमध्ये ठिपके नसून 'येथून तेथवर रेषा काढ' अशा सूचना असतात. त्यामुळे आलेख कितीही मोठा केला तरी रेषा अस्पष्ट होत नाहीत. अक्षरे अक्षरांच्याच रूपात ठेवली असतील, तर इंग्रजीच्या जागी मराठी शब्दही सहज घालता येतात.

शेवटी आलेखाखाली लिहा : आकडे कोणाचे, कोणत्या तारखेला घेतले, एकक कोणते. मग एखादा अनोळखी विद्यार्थी तुमचा आलेख पुन्हा काढून पाहील आणि चूक सापडली तर दुरुस्त करील. प्रयोगवहीतील नोंदी आपण याचसाठी तर ठेवतो!