रॅक बदलल्यानंतर जड होणारे मोटारीचे स्टिअरिंग : कारणमीमांसा व उपाय

सारांश : मोटारीचा झिजलेला स्टिअरिंग रॅक बदलूनही स्टिअरिंग जड राहते किंवा पूर्वीपेक्षा अधिक जड होते, असा अनुभव अनेक वाहनधारकांना येतो. अशा वेळी नवा रॅकच सदोष ठरवून तो पुन्हा बदलला जातो. प्रस्तुत लेखात या जडपणाची यांत्रिक, द्रवचालित व विद्युत कारणे स्पष्ट केली असून निदानाचा क्रम आणि उपाय यांची मांडणी केली आहे.

बीजसंज्ञा : रॅक-पिनियन, घर्षण, पॉवर स्टिअरिंग, निदान, वाहनसुरक्षा.

१. प्रस्तावना

रॅक म्हणजे दाते पाडलेली सरळ पट्टी आणि पिनियन म्हणजे तिच्या दात्यांत फिरणारे लहान दंतचक्र. चालकाने चाक फिरविले की पिनियन फिरते, रॅक डावी-उजवीकडे सरकतो आणि टाय रॉडच्या द्वारे पुढील चाके वळतात. १९४८ च्या मॉरिस मायनरसारख्या लहान मोटारींत ही रचना वापरली गेली. पुढे तीच लहान मोटारींची सर्वसाधारण रचना झाली. मोटार वळविण्याचे श्रम कमी करणारे द्रवचालित पॉवर स्टिअरिंग १९५१ मध्ये क्रायस्लर इंपीरियल या मोटारीबरोबर विक्रीस आले, तर विद्युत साहाय्याचे स्टिअरिंग १९८८ मध्ये सुझुकी सर्वो या छोट्या मोटारीत आले.

स्टिअरिंग जड होणे ही केवळ गैरसोय नव्हे. वळण घेतल्यावर चाके आपोआप सरळ होणे हा वाहनाचा मूलभूत सुरक्षागुण आहे. घर्षण वाढले की तो प्रथम नाहीसा होतो. म्हणून या दोषाकडे 'नवा भाग आहे, चालवून मोकळा होईल' या समजुतीने दुर्लक्ष करणे योग्य नाही.

२. घर्षणाचे गणित

स्टिअरिंगच्या चाकाची त्रिज्या १९ सेंटीमीटर आहे, असे मानू. पिनियनपाशी केवळ १ न्यूटन-मीटर इतका जादा विरोध निर्माण झाला, तर चाकाच्या कडेवर सुमारे ५.३ न्यूटन, म्हणजे जवळजवळ अर्धा किलो वजनाइतके, अधिक बल लावावे लागते. उभ्या गाडीत हा फरक फारसा जाणवत नाही. परंतु गाडी वेगात सरळ जात असताना चाकांना मध्याकडे परत आणणारे बल मध्यबिंदूजवळ अत्यंत अल्प असते. तेवढ्या घर्षणापुढे ते निष्प्रभ ठरते. परिणामी गाडी किंचित वळलेल्या दिशेनेच जात राहते आणि चालकाला सतत हाताने दुरुस्ती करावी लागते. महामार्गावरील दीर्घ प्रवासात हे थकवा आणणारे व धोकादायक असते.

३. जडपणाची कारणे

*३.१ रॅकचा दाब-समायोजक :* रॅकच्या पाठीमागे स्प्रिंगने दाबलेली एक टेकणी असते. ती रॅकला पिनियनशी घट्ट भिडवून ठेवते. तिचा दाब आट्यांच्या झाकणाने ठरवितात. झाकण उत्पादकाने सांगितलेल्या बलाने आवळून नंतर ठराविक कोनात मागे फिरवावयाचे असते. ते मागे न फिरविल्यास स्टिअरिंग जड होते, अधिक सैल सोडल्यास खडबडीत रस्त्यावर खडखड ऐकू येते. दुरुस्त करून विकलेल्या जुन्या रॅकमध्ये आणखी एक अडचण संभवते. वाहन बहुतांश काळ सरळ चालत असल्याने रॅकचे मधले दाते सर्वाधिक झिजतात. मधला ढिलेपणा घालविण्यासाठी झाकण आवळले, तर न झिजलेल्या टोकांकडे रॅक अडकू लागतो. म्हणून समायोजनानंतर पिनियन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहणे आवश्यक असते.

*३.२ स्टिअरिंग कॉलमचा सांधा :* चालकाचे चाक व पिनियन एका रेषेत नसतात. त्यांना जोडणाऱ्या दांड्यावर सहसा दोन युनिव्हर्सल सांधे असतात. असा एकटा सांधा कोनात फिरताना गती समान ठेवत नाही. ३० अंशांच्या कोनात गतीचे गुणोत्तर एका फेरीत दोन वेळा ०.८७ ते १.१५ या दरम्यान बदलते. दोन सांधे परस्परांशी योग्य कोनात असले, तरच हा चढउतार एकमेकांत विरतो. रॅक बदलताना दोन भागांचा दांडा चुकीच्या दात्यावर बसविला गेला, तर स्टिअरिंग एका फेरीत दोनदा जड व दोनदा हलके लागते. सांध्याच्या बेअरिंगला गंज चढला असेल, तर काढघालीत तो दोष उघड होतो.

*३.३ चाकांकडील भाग :* लोअर आर्मचा बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या माथ्यावरील बेअरिंग यांपैकी एखादा भाग जाम असला, तर रॅक कितीही उत्तम असला तरी स्टिअरिंग जडच राहते. रॅक काढण्यासाठी खालची चौकट उतरविली असेल आणि ती बसविताना सरकली असेल, तर पुढील चाकांच्या वळण-अक्षाचा कल बदलतो. त्यामुळेही जडपणा येऊ शकतो.

*३.४ द्रवचालित यंत्रणा :* येथे सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे तेलात राहिलेली हवा. तेल जवळजवळ दाबले जात नाही, हवा मात्र सहज दाबली जाते. त्यामुळे पंपाचा दाब रॅकपर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही. टाकीतील तेल फेसाळ वा दुधाळ दिसणे आणि पंप कण्हल्यासारखा आवाज करणे ही त्याची लक्षणे होत. याशिवाय सैल पट्टा, मुडपलेली नळी, आतून सोललेली जुनी नळी आणि चुकीच्या प्रकारचे तेल हीही कारणे असतात.

*३.५ विद्युत यंत्रणा :* विद्युत मोटर किती साहाय्य करील, हे पिळाचे मापन करणारा संवेदक ठरवितो. हा संवेदक बदललेल्या रॅकमध्येच असेल, तर त्याचा शून्यबिंदू उत्पादकाच्या उपकरणाने पुन्हा ठरवावा लागतो. अन्यथा साहाय्य कमी किंवा असमान मिळते. सुटलेली जोडणी, दुर्बल बॅटरी व सैल अर्थिंग यांमुळेही साहाय्य बंद पडते. अशा वेळी सामान्यतः सूचनादिवा लागतो.

४. निदानाचा क्रम

प्रथम टायरमधील हवेचा दाब तपासावा. त्यानंतर इंजिन बंद असताना व चालू असताना पडणारा फरक पाहावा. पॉवर स्टिअरिंगमध्ये हा फरक अगदी कमी असल्यास दोष साहाय्य-यंत्रणेत शोधावा.

यापुढील पद्धत विभाजनाची आहे. गाडीचा पुढील भाग उचलून भक्कम स्टँडवर टेकवावा, केवळ जॅकवर विसंबू नये. दोन्ही टाय रॉड एंड सोडवून प्रत्येक चाक हाताने वळवून पाहावे. ते अडखळल्यास दोष चाकाकडील भागांत आहे. नंतर खुणा करून कॉलम पिनियनपासून अलग करावा आणि चालकाचे चाक फिरू नये म्हणून बांधून ठेवावे. ते मोकळे फिरत राहिल्यास एअरबॅग व हॉर्नची गुंडाळी केबल तुटू शकते. आता कॉलमचे सांधे व पिनियन स्वतंत्रपणे तपासावेत. यंत्रणेचे असे तीन तुकडे केले की जडपणा त्यांपैकी कोणत्या भागात आहे हे निश्चित होते आणि अनुमानाने भाग बदलण्याचा खर्च टळतो.

५. उपाय

हवा काढण्यासाठी पुढील चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, टाकीत योग्य तेल भरावे. नंतर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश अनेक वेळा फिरवावे. टाकीतील पातळी उतरू देऊ नये. बुडबुडे थांबल्यावर इंजिन संथ गतीने चालू करून हीच क्रिया पुन्हा करावी. शेवटच्या टोकाला स्टिअरिंग काही सेकंदांपेक्षा अधिक काळ दाबून धरल्यास तेल तापते व पंपावर ताण येतो.

समायोजक, सांधे व बेअरिंग यांची दुरुस्ती उत्पादकाच्या मापांनुसार करावी. सोडलेल्या स्व-आवळ नटांऐवजी नवे नट वापरावेत. चाकांचे अलाइनमेंट सर्वांत शेवटी करावे. अनेकदा जडपणावरील पहिला उपाय म्हणून तेच केले जाते. वस्तुतः अलाइनमेंट बिघडल्याने मुख्यतः टायर झिजतात आणि गाडी एका बाजूस ओढते. आतील घर्षण त्याने दूर होत नाही. अलाइनमेंटनंतर टाय रॉडवरील रबरी आवरणे पिळलेली राहिली नाहीत, हेही पाहावे.

६. निष्कर्ष

रॅक बदलल्यानंतरचा जडपणा बहुधा नव्या रॅकच्या शेजारच्या भागांत, त्याच्या बसवणीत किंवा समायोजनात दडलेला असतो. एकाच वेळी अनेक भाग बदलल्यास खरे कारण अज्ञातच राहते. याउलट यंत्रणा विभागून एकेक भाग तपासल्यास थोड्या वेळात दोष सापडतो. दुरुस्ती पूर्ण झाल्याची कसोटी हाताला हलके वाटणे एवढीच नाही. मोकळ्या व सुरक्षित जागी, कमी वेगात वळण घेऊन स्टिअरिंगवरील पकड किंचित सैल केली असता चाके स्वतःहून मध्याकडे परत येतात काय, हे पाहिल्याशिवाय वाहन रहदारीत नेऊ नये.