जन्मसाल १९०५ आणि सात पायऱ्या

देवळाली कॅम्पात लॅम रोडजवळ मी कॉम्प्युटरचे क्लास घेते. रिकर्शनचा धडा आला की फळ्यावर आधी १९०५ लिहिते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं हे जन्मसाल. १९३० ते १९६२ ते इथंच, देवळालीत मास्तर होते. ६१७४ या आकड्याची गंमत त्यांनी कागद-पेन्सिलीवर शोधली आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली.

रीत अशी. संख्येचे चार अंक उतरत्या क्रमानं मांडायचे, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेले वजा करायचे, उत्तराला पुन्हा तेच. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. तिथून पुढे ते हलतच नाही. चारही अंक सारखे नसले, तर कुठलीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथं पोचते. मास्तरांच्या जन्मसालाला पुरत्या सात लागतात!

हे लूप लावून, म्हणजे तीच पायरी पुन्हा पुन्हा चालवून, करता येतं. किंवा रिकर्शननं, म्हणजे फंक्शननं उत्तर काढून पुन्हा स्वतःलाच हाक मारायची. "मॅडम, फास्ट कोणतं?" हा प्रश्न ठरलेला. दर हाकेला परत कुठं यायचं, हातात काय होतं, हे सगळं स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या थप्पीवर, ठेवावं लागतं, म्हणून लूप जरा हलका. पण सात हाकांत तो फरक जाणवतसुद्धा नाही. हाका हजाराच्या घरात गेल्या की मात्र पायथॉन आपणहून थांबतो.

खरी गोष्ट फिबोनाचीच्या मालिकेत कळते. तिथं प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज. गेल्या पावसाळ्यात एका मुलीनं चाळिसावी संख्या लूपनं काढली. ३९ बेरजा, एंटर दाबताच उत्तर: १०,२३,३४,१५५. मग तेच रिकर्शननं. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला, सगळा वर्ग तिच्या बाकाभोवती गोळा झाला. आम्ही हाका मोजल्या: ३३ कोटी ११ लाख ६० हजार २८१. अडतिसावी संख्या दोनदा काढली जाते, सदतिसावी तीनदा, छत्तिसावी पाचदा, तिसावी तब्बल ८९ वेळा. एकदा केलेलं काम विसरून तेच पुन्हा करत बसायचं, वेळ जातो तो असा.

त्या मुलीनं मग निघालेलं प्रत्येक उत्तर एका यादीत टिपून ठेवलं आणि काढण्याआधी यादी बघितली. रिकर्शन तेच, हाका फक्त ७९. पंखा गप्प. रिकर्शन हळू असतं, असं सरसकट शिकवणं मला म्हणूनच पटत नाही.

वाचकहो, आज घरातल्या प्रत्येकाचं जन्मसाल घ्या आणि कागदावर पायऱ्या मोजा. मास्तरांनी हे कॉम्प्युटरशिवाय केलं होतं.