निकोडेमस: प्रेअरीवरचं वीस माणसांचं गाव

आज आपल्याला जरा लांब जायचं आहे. अमेरिकेच्या नकाशात अगदी मधोमध कॅन्सस नावाचं राज्य आहे. त्याच्या वायव्येला, सॉलोमन नदीच्या दक्षिण शाखेजवळ, निकोडेमस नावाचं गाव आहे. तिथे कायम राहणारी माणसं जेमतेम वीसेक. तरीही 1996 साली अमेरिकेने या गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केलं. असं काय आहे तिथे?

आधी जमीन समजून घेऊ. प्रेअरी म्हणजे गवताळ माळरान, पण आपल्याकडच्या मुरमाड माळासारखं नाही. माती कसदार असते. गवताची मुळं माणसाच्या उंचीइतकी, काही ठिकाणी त्याहून खोल गेलेली असतात. वरचा थर मुळांनी इतका घट्ट विणलेला असतो की तो कापून विटांसारखा रचता येतो. झाडं फक्त ओढ्या-नदीच्या काठाने. पाऊस वर्षाला साधारण 50-55 सेंटीमीटर, म्हणजे आपल्या माण-खटावसारखा किंवा आंध्रातल्या अनंतपूरसारखा. त्यात हिवाळ्यात बर्फ आणि अडवायला काही नसल्यामुळे मोकाट सुटलेला वारा.

अशा जागी कोण राहायला जाईल? ज्याला दुसरीकडे जमीन मिळणार नाही, तो.

अमेरिकेत 1865 साली गुलामगिरी कायद्याने संपली. आपल्या महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांनाच. पण मुक्त झालेल्या माणसाच्या हातात जमीन आली नव्हती. दक्षिणेत बहुतेकांना जुन्या मालकांच्याच शेतात वाट्याने राबावं लागत होतं. 1877 मध्ये दक्षिणेतलं उरलंसुरलं लष्करी संरक्षणही गेलं. दुसरीकडे 1862 चा होमस्टेड कायदा होता. थोडी फी भरा, पाच वर्षं जमिनीवर राहून ती कसा, 160 एकर तुमची. आता नागरिक झालेल्या काळ्या कुटुंबांनाही हा हक्क होता.

त्याच 1877 च्या एप्रिलमध्ये डब्ल्यू. एच. स्मिथ हे काळे धर्मोपदेशक आणि डब्ल्यू. आर. हिल हा जमिनींचा गोरा दलाल यांनी आणखी काही काळ्या भागीदारांना घेऊन निकोडेमसची कंपनी काढली. केंटकी राज्यात जाहिराती वाटल्या. सप्टेंबरमध्ये सुमारे तीनशे माणसं आली. रेल्वे एलिस गावापर्यंतच होती, पुढचे पन्नासेक किलोमीटर माळातून.

पोचल्यावर गाव दिसेना. घरं होती, पण जमिनीत! उतारावर खोदलेली भुयारं, वर फांद्या आणि माती, बाहेर दिसतो तो नुसता धूर. काही कुटुंबं ते पाहून लगेच परत फिरली. त्यांना दोष देता येणार नाही. पेरणीचा हंगाम उलटला होता, जनावरं आणि अवजारं मोजकी होती, जळणाला लाकूड नव्हतं. प्रेअरीवर जळण म्हणजे वाळलेलं शेण आणि सूर्यफुलाची ताटं. गोवऱ्यांवर स्वयंपाक केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी आपल्याजवळचं अन्न दिलं, अशी आठवण गावात आजही सांगतात. हा प्रदेश काही रिकामा नव्हता. आदिवासींना हटवून तो ‘मोकळा’ केला गेला होता. ज्यांची जमीन गेली त्यांनी, ज्यांना ती मिळत होती त्यांना जगवलं. मला या कहाणीतली ही सगळ्यात अवघड गोष्ट वाटते.

जे टिकले त्यांनी दहा वर्षांत गाव उभं केलं. चुनखडीच्या दगडाची घरं, चर्च, हॉटेल, दुकानं, शाळा, शिवाय दोन वर्तमानपत्रं. इथे येऊन राहिलेले एडवर्ड मॅकेब 1882 मध्ये कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम सतरा वर्षं झाली होती.

मग प्रश्न आला रेल्वेचा. शेकडो पोती गहू पन्नास किलोमीटर बैलगाडी-घोडागाडीने न्यायचा, तर नफा वाटेतच संपतो. म्हणून प्रेअरीवरच्या गावाचं भवितव्य स्टेशनवर ठरायचं, आणि रेल्वे कंपन्यांना ते पुरतं ठाऊक होतं. गावांनी कर्जरोखे काढून पैसे द्यायचे, मग रूळ येणार. निकोडेमसच्या मतदारांनी 1887 मध्ये मिसूरी पॅसिफिक कंपनीसाठी 16,000 डॉलरचे रोखे मंजूर केले. ती रेल्वे आलीच नाही. 1888 मध्ये युनियन पॅसिफिकची रेल्वे आली, पण नदीच्या पलीकडून. स्टेशन झालं दहाएक किलोमीटरवर, आणि तिथे बोग नावाचं नवं गाव वसलं. निकोडेमसचे दुकानदार तिकडे गेले. काहींनी तर आपल्या इमारतीसुद्धा उचलून नेल्या.

शेतकरी मात्र राहिले, कारण 160 एकर उचलून नेता येत नाहीत. पुढे 1930 च्या दशकातला दुष्काळ आणि धुळीची वादळं आली. नंतर मोठी यंत्रं आली, आणि दहा कुटुंबांची शेती एक कुटुंब करू लागलं. या गोष्टी सगळ्या प्रेअरीवर झाल्या, रेल्वे मिळालेली गोऱ्यांची गावंही ओस पडली. तेव्हा सगळा दोष एका स्टेशनला देऊन चालणार नाही. पण पोरं शहराकडे निघाली तेव्हा त्यांना थांबवायला निकोडेमसकडे बाजारपेठच उरली नव्हती, हेही खरं.

आज तिथे पाच जुन्या वास्तू जपल्या आहेत. दोन चर्च, शाळा, सेंट फ्रान्सिस हॉटेल आणि 1939 मध्ये बांधलेलं टाउनशिप हॉल. दरवर्षी जुलैच्या शेवटी गावचा उत्सव असतो. मुळात तो 1 ऑगस्टच्या आसपासचा मुक्तिदिन, तोही अमेरिकेतला नव्हे, तर 1834 मध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांना मिळालेल्या मुक्तीचा. त्या दोन-चार दिवसांत देशभर पांगलेले वंशज गावी येतात. मिरवणूक निघते, जेवणावळी होतात, म्हातारी माणसं नव्या पिढीला कोणाचं घर कुठे होतं ते दाखवतात. त्या आठवड्यात वीस माणसांच्या गावात गाडी लावायला जागा शोधावी लागते.