स्टिअरिंग निवडताना आधी माप, मग रूप

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक आधी रंग पाहते; आम्ही व्यापारी आधी पन्हा आणि पोत पाहतो. जुन्या स्पोर्ट्स मोटारींचे शौकीन नवे स्टिअरिंग घेताना बहुधा रंगावरच जातात. लाकडी कडे आणि चकचकीत ॲल्युमिनियम दिसले की पैसे मोजून मोकळे! परंतु या मालात निवड चुकली तर केवळ पैसा जात नाही, जिवावर बेतते.

इंग्लंडच्या एमजीबी मोटारीचेच उदाहरण घेऊ. ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात ही मोटार तयार झाली. ५ लाखांहून अधिक नग निघाल्याने तिच्या सुट्या भागांचा बाजार आजही चालू आहे.

पहिली पारख मधल्या जोडाची. चाक आणि दांडा यांना जोडणाऱ्या या तुकड्याला तिकडे ‘बॉस’ म्हणतात. एमजीबीच्या दांड्याचे दाते वर्षांनुसार बदलले, म्हणून मोटारीचे वर्ष सांगितल्याशिवाय बॉस घेऊ नये. इंडिकेटर आपोआप बंद करणारी खुंटी आणि हॉर्नची जोडणीही जुळली पाहिजे. बोल्टच्या भोकांचेही तसेच. इटलीच्या मोमो कंपनीची सहा भोके ७० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, नार्दीची ७४ वर. फरक अवघा ४ मिलिमीटर, पण एकाचे चाक दुसऱ्याच्या बॉसवर बसत नाही. अशा वेळी भोके ओढून मोठी करणे म्हणजे अपघाताला आमंत्रणच. शिवाय बॉस वेगळा विकत घ्यावा लागतो. तो हिशेबात धरला नाही तर चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला अशी गत होते.

दुसरी पारख व्यासाची. सुरुवातीच्या एमजीबीचे चाक साडेसोळा इंचांचे होते. पॉवर स्टिअरिंग नसल्याने त्या मोठ्या चाकाचा हातांना आधार असे. त्याजागी १४ इंची बसवले तर हातांना सुमारे १८ टक्के जास्त जोर लावावा लागतो, हे उभ्या गाडीत चाक फिरवताना चांगलेच जाणवते. लहान चाकाने मांड्यांना जागा मिळते खरी, पण मीटर कड्याआड तर जात नाहीत ना, हे बसून पाहावे.

तिसरी पारख खोलीची. चाक सपाट आहे की वाटीसारखे खोल, यावर ते छातीपासून किती दूर राहणार हे ठरते. अमेरिकेत १९६८ पासून धडकेत दबणारा दांडा सक्तीचा झाला, तो चालकाची छाती वाचावी म्हणूनच. त्याआधीच्या मोटारीत चाक छातीच्या आणखी जवळ आणणे शहाणपणाचे नव्हे.

आता कारागिरी. लाकडी कड्याचे सांधे बोटांनी चाचपावेत, रिव्हेट हलते का पाहावे. चामड्याच्या कड्याची शिवण आतल्या बाजूस, एकसारखी आणि बोटांना न टोचणारी असावी. आमच्या शिलाई आणि सुतारकाम करणाऱ्या बांधवांना हे सांगायला नको. खरा हुनर सांध्यात दिसतो, पॉलिश तर कोणीही मारतो.

आणि एक. जुने चाक भंगारात टाकू नये. प्लास्टिकच्या कड्याला गेलेले तडे इपॉक्सीने भरून, घासून, रंगवून नीट करता येतात. वाकलेला किंवा तुटलेला सांगाडा मात्र वापरू नये. पुढे मोटार विकायची झाल्यास मूळ चाक सोबत असले की जाणकार गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजते.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी मोटारीचे वर्ष, जुन्या चाकाचा व्यास, त्याची खोली आणि छातीपासूनचे अंतर कागदावर लिहून न्यावे. दुकानदाराला आधी तो कागद दाखवावा आणि माप जुळलेल्या मालातूनच मग लाकूड की चामडे हे ठरवावे.