घोडा कोणाचा, स्वार कोण?

कामशेत स्थानकावर उतरून बेडशाच्या लेण्यांकडे जाणारा प्रवासी चैत्यगृहाच्या दर्शनी खांबांपुढे क्षणभर थबकतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी त्या स्तंभशीर्षांवर घोड्यांवर आणि हत्तींवर आरूढ झालेली स्त्रीपुरुषांची जोडपी कोरली आहेत. घोडा मावळाला परका नाही, याची ही दगडातली साक्ष. पण डोंगर उतरून खाली आल्यावर चित्र पालटते. आज मावळात घोडा दिसतो तो सुट्टीच्या गर्दीत पर्यटकांना फेरी मारून आणताना, नाही तर घोडेस्वारी शिकवणाऱ्या खाजगी केंद्राच्या कुंपणाआड. पर्यटकाच्या घोड्यापुढे लगाम धरून गरिबाघरचा पोरगा चालतो. तबेल्यात शेण काढणारा आणि खरारा करणारा मोतद्दारही बहुधा तसल्याच घरचा असतो. खोगिरावर बसणारा मात्र शहरातून आलेला असतो.

घोडेस्वारी हा श्रीमंतांचा षोक, हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते निसर्गनियमासारखे वाटू लागले आहे. वस्तुतः घोडा महाग आहे. स्वाराचे अंगचे गुण नव्हेत. तोल, धीर, मुक्या जनावराच्या मनाचा ठाव घेण्याची हातोटी हे गुण बंगल्यात जन्मतात आणि झोपडीत जन्मत नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न उरतो तो घोडा कोणी पुरवायचा, एवढाच.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने तीन शतकांपूर्वी दिले होते. मावळ्यांची ख्याती डोंगर चढणाऱ्या पायदळाची. पण स्वराज्य विस्तारले ते घोड्यांच्या टापांवर. त्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार. सरकारी पागेतला घोडा ज्याला मिळे तो बारगीर. सभासदाच्या बखरीत या पागेची व्यवस्था नोंदलेली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. ज्याच्या दारात घोडा नव्हता, त्यालाही रिकिबीत पाय ठेवता आला, तो या पागेमुळे.

पुढे जगभर हा खेळ दर्जाच्या आणि पैशाच्या भिंतींत कोंडला गेला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या प्रकारात लष्करातील केवळ सनदी अधिकाऱ्यांना प्रवेश होता. स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. परंतु त्यातला गेनाल पेर्सन हा मुळात सार्जंट असून स्पर्धेपुरता त्याला अधिकारी करण्यात आले होते, हे उघड होताच ते पदक काढून घेण्यात आले. गुण तेच आणि स्वारही तोच. उणे होते ते खांद्यावरचे चिन्ह. पुढे नियम बदलला आणि 1952 मध्ये त्याच पेर्सनसह स्वीडनने पुन्हा सुवर्ण जिंकले.

भारतातही असे उदाहरण आहे. 1982 च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत इव्हेंटिंगमधील वैयक्तिक आणि सांघिक सुवर्णपदके मिळवणारे रघुबीर सिंग हे 61 व्या घोडदळातील दफेदार होते. त्यांच्यामागे संपत्ती नव्हती, लष्कराची पागा होती. त्यानंतर आशियाई स्पर्धेत घोडेस्वारीचे सुवर्ण पुन्हा भारतात यायला 2023 साल उजाडले. हांगझौ येथे ड्रेसाजमध्ये ते मिळवणाऱ्या चौघांत मुंबईचे हृदय छेडा होते. चौघांचेही कौशल्य वादातीत आहे. पण त्यासाठी त्यांना युरोपात राहून शिकावे लागले. तो मार्ग किती घरांना परवडेल?

परदेशांत याला दुसरा मार्ग शोधला गेला आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात 1994 मध्ये 'वर्क टू राइड' ही संस्था सुरू झाली. गरीब वस्त्यांतल्या मुलांनी तबेल्यात काम करावे, शाळा सोडू नये आणि त्या बदल्यात घोड्यावर बसावे, हा तिचा रिवाज. 2011 मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय मुलांच्या संघाने शालेय पोलोचे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात 1996 पासून 'एबनी हॉर्स क्लब' हेच काम करीत आहे. तिथे शिकलेल्या खदिजा मेल्ला या अठरा वर्षांच्या मुलीने 2019 मध्ये गुडवुड येथील मॅग्नोलिया कप ही शर्यत जिंकली. काही महिन्यांपूर्वीपर्यंत ती शर्यतीच्या घोड्यावर कधी बसलीही नव्हती.

ज्या शाळांना धड मैदान नाही तिथे घोड्यांची भाषा कशाला, हा आक्षेप खोटा नाही. परंतु प्रत्येक शाळेला घोडा द्या, असे कोणी म्हणत नाही. शासन खेळाडूंसाठी निवासी क्रीडा प्रबोधिनी चालवते. त्याच धर्तीवर मावळात एक लहानशी सार्वजनिक पागा उभारणे अशक्य नाही. खाजगी केंद्रांनीही काही जागा स्थानिक मुलामुलींसाठी मोकळ्या ठेवाव्यात. अट एकच असावी: शिक्षणाच्या नावाखाली फुकटची मजुरी होता कामा नये. कामाइतकेच खोगिरावरचे तास, डोक्यावर शिरस्त्राण, अपघाताचा विमा आणि शाळेची हजेरी, हे सारे आधी ठरलेले असावे.

त्यातून पदक विजेते किती निघतील, हा हिशेब दुय्यम आहे. नालबंद, प्रशिक्षक, पशुवैद्यकाचा मदतनीस, पोलिसांच्या अश्वदलातला जवान अशा वाटा तरी उघडतील. भल्या पहाटे उठून चंदी घालणाऱ्या मुलाला नियमितपणा वेगळा शिकवावा लागत नाही. आणि घोड्यावर हुकूम नव्हे तर विश्वास चालतो, हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकापेक्षा खोल रुजतो.

जमिनी विकल्या गेल्या, बंगले उठले, आणि गावचा तरुण त्याच जमिनीवर पहारेकरी वा मोतद्दार झाला, ही मावळातल्या अनेक गावांची कहाणी आहे. मोतद्दारी कमीपणाची नव्हे. पण ज्याने घोडा सांभाळला, त्याला एकदा तरी त्या घोड्याच्या पाठीवरून आपले डोंगर पाहता यावेत, एवढी मागणी मोठी नाही.