प्रोग्रामिंग भाषा, एआय आणि कोड: काही गैरसमज

प्रोग्रामिंगची भाषा संगणकासाठी असते, हा समज सर्वांत जुना आहे आणि बाकीचे बरेच गैरसमज त्यातूनच निघतात. संगणकाच्या प्रोसेसरला फक्त यंत्रसंकेत कळतात. पायथन, जावा किंवा सी त्याला थेट कळत नाही. १९५७ मध्ये आयबीएममधील जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रान आणली, ती माणसाला गणिती सूत्रे सूत्रांसारखीच लिहिता यावीत म्हणून. ती यंत्रसंकेतांत उतरवण्याचे काम कंपायलरकडे गेले. त्यानंतर आलेल्या प्रत्येक भाषेत काय स्पष्ट लिहायचे आणि काय यंत्रावर सोपवायचे, हे तिच्या कर्त्यांनी ठरवलेले असते. भाषांवरून प्रोग्रामर हिरिरीने वाद घालतात तो याच ठरवण्यावरून. त्याला निव्वळ आवडनिवड म्हणून झटकून टाकणे योग्य नाही.

म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत इन्फोसिसचे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे. इन्फोसिसची स्थापना १९८१ मध्ये पुण्यात झाली, पण तिच्या नव्या भरतीतील हजारो पदवीधरांची नोकरी म्हैसूरमध्ये सुरू होते. तिथे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना एकच प्रश्न पडलेला असतो: सर्वांत चांगली भाषा कोणती? त्याचे सरसकट उत्तर नाही. पायथन संथ आहे ही तक्रार खरी आहे, तरीही आकडेमोडीच्या जड कामांत ती चालते, कारण नम्पायसारख्या लायब्ररींचा गाभा सीमध्ये लिहिलेला असतो. १९५९-६० मध्ये आकाराला आलेली कोबोल मेली असे अनेकदा जाहीर झाले, पण मोठ्या बँकांचे व्यवहार आजही तिच्यावर चालतात. त्यामागे केवळ जुनेपणाची सवय नाही. कोबोलमध्ये रुपये-पैशांचा हिशोब दशमान पद्धतीने होतो. पायथन, जावा आणि जावास्क्रिप्टमधील नेहमीचे अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवले जातात, त्यामुळे तिन्हींत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. दशमान हिशोबाची सोय पायथन आणि जावातही आहे, पण ती मुद्दाम वापरावी लागते.

सुरक्षित भाषेत लिहिलेला प्रोग्राम बरोबरच असतो, हा समज मात्र धोक्याचा आहे. भाषेमुळे फरक पडतो, यात शंका नाही. अँड्रॉइडमध्ये २०१९ साली सुरक्षेच्या त्रुटींपैकी ७६ टक्के मेमरीच्या हाताळणीशी संबंधित होत्या. नवा कोड रस्टसारख्या भाषांत लिहिला जाऊ लागल्यावर २०२४ पर्यंत हे प्रमाण २४ टक्क्यांवर आले. पण ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले, आणि त्यातील सदोष कोड एडा या काटेकोर भाषेत लिहिलेला होता. एरियान-४ साठी लिहिलेला भाग जसाच्या तसा घेतला गेला, नव्या रॉकेटच्या वेगाचा आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही, आणि त्या ठिकाणची तपासणी पूर्वीच वगळलेली होती. चूक गृहीतकात होती.

यंत्राने कोड लिहिणे ही २०२१ मध्ये गिटहब कोपायलट हे एआय साधन आल्यावर सुरू झालेली गोष्ट आहे, असे मानले जाते. प्रत्यक्षात पुण्याच्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्रात आराखड्यावरून कोड तयार करणाऱ्या साधनांवर कितीतरी आधी काम झाले. टीसीएसचे मास्टरक्राफ्ट त्याच परंपरेतले. फरक मोठा आहे तो असा: त्या साधनांना काटेकोर आराखडा द्यावा लागे आणि एका आराखड्यातून ठरलेलाच कोड निघे. आजच्या एआयला साधे वाक्य पुरते, पण त्याच वाक्यातून दोन वेळा दोन वेगळे कोड निघू शकतात.

यातूनच सर्वांत प्रबळ गैरसमज उभा राहिला आहे: आता बोलीभाषेत सांगितले की झाले, प्रोग्रामिंगची भाषा शिकायची गरज उरली नाही. मंडी मोहल्ला ही म्हैसूरची जुनी बाजारपेठ. अशा पेठेतल्या एखाद्या दुकानासाठी बिलाचा प्रोग्राम करायचा आहे, असे समजू. एआयला सांगितले जाते, ‘कराची रक्कम जवळच्या रुपयात पूर्ण कर.’ वाक्य स्वच्छ आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७० प्रमाणे पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर पूर्ण रुपया धरायचा, त्याहून कमी असतील तर सोडून द्यायचे. म्हणजे १२ रुपये ५० पैशांचे १३ रुपये व्हायला हवेत. जावास्क्रिप्टमधील ‘मॅथ.राउंड’ १३ देते. पायथनमधील ‘राउंड’ १२ देते, कारण बरोबर अर्ध्यावर असलेला आकडा ते जवळच्या सम संख्येकडे नेते. ही पायथनची चूक नाही. लांबलचक बेरजांत एकाच बाजूला झुकाव येऊ नये म्हणून सांख्यिकीत ही रीत वापरतात. आणखी अडचणीची बाब अशी, की १३ रुपये ५० पैसे देऊन पाहिले तर दोन्ही भाषा १४ हेच उत्तर देतात. त्यामुळे एखादेच बिल तपासून समाधान मानणाऱ्याला ही चूक दिसणार नाही. ती ओळखायला कायदाही माहीत हवा आणि भाषाही. एआयने लिहिलेल्या ओळी वाचता न येणाऱ्या माणसाजवळ ‘प्रोग्राम चालतो’ एवढाच पुरावा उरतो, आणि तो पुरेसा नाही.

चालणाऱ्या कोडबद्दलचा भरवसा आणखी एका कारणाने घातक ठरतो. या एआयमागची भाषा-प्रारूपे कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररींची नावे देतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोडचे ५ लाख ७६ हजार नमुने तपासले गेले. त्यांत सुचवलेल्या पॅकेजांपैकी जवळजवळ २० टक्के कुठेच नव्हती. अशा नावाने कोणी मुद्दाम घातक पॅकेज चढवून ठेवले, तर ते विनासायास एखाद्याच्या संगणकात शिरते.

एआयमुळे प्रत्येकाचे काम झपाट्याने होते, हे विधानही तपासून घ्यावे लागते. मेटर या संस्थेने जुलै २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांवरील प्रयोगाचे निष्कर्ष जाहीर केले. आपल्या ओळखीच्या मोठ्या प्रकल्पांतील २४६ कामे त्यांनी केली, काही एआय घेऊन, काही त्याविना. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावरही त्यांना मात्र आपण २० टक्के वेगाने काम केले असे वाटत होते. यावरून एआय निरुपयोगी ठरवणे हाही गैरसमजच होईल: प्रयोग लहान होता, साधने २०२५ च्या सुरुवातीची होती, आणि जो कोड ज्याला तोंडपाठ आहे त्याला मदत कमीच लागते. अनोळखी भाषेत पहिला मसुदा करणे, चाचण्या लिहिणे, जुन्या कोडचा अर्थ लावणे यांत बहुतेकांना फायदा जाणवतो. पण वेग वाढल्याची भावना आणि घड्याळ यांत अंतर असू शकते, एवढे या प्रयोगाने दाखवून दिले. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५ च्या पाहणीत ८४ टक्के प्रोग्रामर एआय वापरत होते किंवा वापरणार होते, तरी ४६ टक्क्यांचा त्याच्या अचूकतेवर विश्वास नव्हता.

एआयला सगळ्या भाषा सारख्याच येतात, हेही खरे नाही. पायथन आणि जावास्क्रिप्टचा सार्वजनिक कोड अमाप असल्याने त्यांत प्रारूपांचा हात चांगला बसलेला आहे. कमी वापराच्या किंवा एखाद्या कंपनीपुरत्या भाषांत ती अडखळतात. उलट रस्टसारख्या कडक भाषेचा कंपायलर एआयच्या कित्येक चुका चालवण्याआधीच अडवतो, त्यामुळे जी भाषा माणसाला शिकायला अवघड, तीच यंत्राने लिहिलेला कोड तपासताना अधिक उपयोगी पडू शकते. सूचना इंग्रजीतच द्याव्या लागतात, असेही नाही. मोठ्या प्रारूपांना मराठी समजते, मात्र तोच मजकूर देवनागरीत सहसा जास्त टोकन (प्रारूप मजकुराचे करते ते तुकडे) घेतो, आणि वापराचे पैसे टोकनांवर लागत असतील तर खर्च तेवढा वाढतो.