माळ्यावरची ट्रंक आणि गाडीचे सुटे भाग

आमच्याकडे अजून एक प्रीमियर पद्मिनी आहे. घरात सगळे तिला ‘फियाट’च म्हणतात. ही गाडी बनणे बंद होणार, अशी कुणकुण लागताच सासऱ्यांनी दिसेल तो सुटा भाग विकत घ्यायचा सपाटा लावला आणि माळ्यावरची लोखंडी ट्रंक भरून टाकली. सासूबाई त्या ट्रंकेला ‘सवत’ म्हणत.

गेल्या वर्षी ब्रेकचे काम निघाले. ट्रंकेतून व्हील सिलिंडरचे रबरी किट काढले. वीस वर्षांपूर्वीचे, पण पाकीटबंद आणि कोरे करकरीत! पंधरा दिवसांनी साताऱ्याला निघालो, तर खंबाटकी घाटाच्या अलीकडेच ब्रेकचे पेडल मऊ लागू लागले. उतरून पाहतो तो मागचे चाक आतून ब्रेक ऑइलने ओले. थोडे उशिरा कळले असते, तर आम्ही घाटाच्या उतारावर असतो.

घरी आल्यावर सगळी ट्रंक उपसली. लोखंड जपता येते, रबराचे म्हातारपण फक्त लांबवता येते, हे तेव्हा नीट उमगले.

रबराला ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन खातो. ताणून किंवा दुमडून ठेवलेल्या रबराला भेगा लवकर पडतात. म्हणून उन्हाळ्यात तापणारा माळा ही त्याची सर्वांत वाईट जागा! कपाटाचा खालचा, अंधारा कप्पा बरा. विजेची मोटर किंवा पंप जवळ नको, कारण त्याच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो. होजपाइप, दरवाजाची रबरे यांना शंखजिऱ्याची पूड लावून सैल ठेवा. ब्रेकच्या रबराला मात्र ग्रीस किंवा इंजिन ऑइल चुकूनही लावू नका, त्याने ते फुगते. खरे तर ब्रेकचे रबर आणि फॅनबेल्ट साठवूच नयेत. लागतील तेव्हा ताजे घ्यावेत. जुन्या मालाचे न फोडलेले पाकीट म्हणजे नवा माल नव्हे.

बेअरिंग, गिअर, व्हॉल्व्ह, पिस्टन रिंग यांचा शत्रू म्हणजे दमटपणा. शिवाय आपल्या हाताचा घामही. बेअरिंगचे मूळ वेष्टन उगाच फोडू नये. उघडा भाग कोरड्या फडक्याने पुसून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा, बटर पेपरमध्ये गुंडाळून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालावा. वर्तमानपत्र आणि गोणपाट टाळा. दोन्ही ओल शोषून लोखंडाला चिकटवून ठेवतात. आमच्या एका गिअरवर तर जुन्या बातमीचा मथळा गंजात उमटला होता!

ही बांधाबांध फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत करावी. पावसाळ्यात पिशवी बंद केली, तर दमट हवाही आतच राहते. सोबत सिलिका जेलची पुडी असावी. त्याचे निळे खडे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात, पण त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे नको. निळ्या रंगात कोबाल्टचा विषारी क्षार असतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी एकदा पिशव्या तपासाव्यात.

ब्रेक शू आणि क्लच प्लेट यांचा नियम उलटा. त्यांना तेलाचा थेंबही लागता कामा नये. हेड गॅस्केट खिळ्याला न टांगता सपाट ठेवावे. बॅटरी साठवायची वस्तूच नव्हे, पडून पडून ती निकामी होते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून फोडलेला डबा जपून ठेवू नये. टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. अँबेसेडर आणि मारुती ८०० यांचे उत्पादन २०१४ मध्येच थांबले. या गाड्या हौसेने जपणाऱ्यांच्या घरी अशा ट्रंका असणारच. निदान प्रत्येक पुडीवर भागाचे नाव आणि खरेदीची तारीख लिहून ठेवा. आमच्याकडे ती नसल्याने तीन वस्तू कशाच्या आहेत, हे मेकॅनिकलाही सांगता आले नाही.

ट्रंक आता निम्मी झाली आहे. जुनी रबरे सासऱ्यांनी मुकाट्याने टाकू दिली. त्या तीन अनोळखी वस्तूंना मात्र त्यांनी हात लावू दिलेला नाही.